पुढच्या रांगेतली जागा

अनिसे तेगियाचा हिशेब असा होता: तीन दिवस, चार पाहुणे आणि नऊ महिन्यांपूर्वी मेलेला एक बाप. एवढ्या भांडवलावर त्याला ब्रसेल्स मिळणार होतं.

बापाची माती तेव्हाच होऊन गेली होती. पण माती झाली म्हणजे कॅमेरूनच्या बामेतो गावात माणूस संपत नाही. मका घरात आला, रस्ते वाळले, की मोठं कार्य होतं. ठासणीच्या बंदुका उडतात, मुखवटे नाचतात, गाव दोन दिवस जेवतं, आणि शेवटी वारस पकडला जातो. मरणारा घरधनी आपल्या जागी कोण बसणार ते दोन मानकऱ्यांच्या कानात सांगून जातो. मानकरी तोंड शिवून बसतात आणि कार्याच्या दिवशी भर मैदानात, चोराला धरावं तसं, त्या मुलाला धरतात. धरलेला माणूस त्या क्षणापासून मुलगा राहत नाही, तो बाप होतो. बापाचं नाव त्याचं, बापाचं स्टूल त्याचं, बापाच्या बायकांची भांडणं, पुतण्यांच्या फिया, बहिणींची रुसलेली सासरं, सगळं त्याचं. नको म्हणायची सोय ठेवलेली नाही.

हे सगळं मादाम ओदीलला पाहायचं होतं. ती ब्रसेल्समधल्या एका प्रवासी कंपनीची मालकीण. ‘हॉटेलच्या अंगणातला नाच मला दाखवू नका, अनिसे,’ ती म्हणाली होती, ‘खरं काहीतरी दाखवा.’ खरं काहीतरी जमलं, तर नव्या वर्षापासून अख्ख्या कॅमेरूनच्या सहलींचा प्रमुख अनिसे, आणि त्यातले सहा महिने ब्रसेल्सच्या कचेरीत. वाटाड्या म्हणून दुआलाच्या विमानतळावर अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उचललेल्या माणसाला यापुढे कुणी आपली बॅग उचलेल असं वाटणं साहजिक होतं.

धोका असा काही नव्हता. वारस फिर्मां, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फिर्मां थोरला, मोठ्या बायकोचा. जवळच्या बाफूसाम शहराच्या बाजारात त्याचं खिळे-पत्र्याचं दुकान. बापाच्या घरावर निळा पत्रा त्यानंच घातलेला. वारसाला जे जे लागतं ते सगळं फिर्मांकडे होतं: पोट, दुकान, चार मुलं आणि न विचारता सल्ला द्यायची सवय. अनिसे तिसरा, धाकट्या बायकोचा, पस्तिशीचा आणि बिनलग्नाचा. तरीही सावध माणूस सावधच असतो. त्यानं ठरवलं होतं, मुलांच्या रांगेत उभंच राहायचं नाही. पाहुण्यांजवळ उभं राहायचं.

दुआलाहून गाडी चढाला लागली तसा हमादू बोलू लागला. हमादू ड्रायव्हर, उत्तरेकडचा, गुराख्यांच्या घरातला. त्याच्या लेखी अनिसेच्या बामिलेके जमातीत जन्मलेला प्रत्येक माणूस गल्ल्यावरच जन्मलेला असायचा.

“शेठ, एक विचारू?”

“नको.”

“बापाच्या कार्याला तिकीट लावलंयस म्हणे.”

“तिकीट नाही. पाहुणे आणलेत.”

“हां, हां. माझा बाप गेला तेव्हा मी एक बैल कापला आणि दोन दिवस रडलो. तुझ्याएवढी अक्कल असती तर बैल वाचला असता. वर चार गोरे माझ्याबरोबर रडले असते.”

“रस्त्याकडे बघ.”

“काय म्हणतोय तो?” मागून ओदीलनं विचारलं.

“रस्ता सुंदर आहे म्हणतोय, मादाम.”

मागच्या बाकांवर ओदीलखेरीज एक निवृत्त दंतवैद्य, त्याची बायको आणि गळ्यात तीन कॅमेरे अडकवलेला एक लांबोडका तरुण, असे होते. रस्ता सुंदर आहे यावर चौघांचं एकमत झालं.

पोचल्या पोचल्या पाहुण्यांना मिशनच्या विश्रामगृहात टाकून अनिसे वांबोकडे गेला. वांबो हा दोन मानकऱ्यांतला थोरला. दाराशी बसून बांबूची चिलीम ओढत होता. अनिसेनं व्हिस्कीची बाटली त्याच्या पायाशी ठेवली, उकिडवा बसला आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

“आजोबा, एक विनंती होती.”

“बाटली एवढी मोठी आहे म्हणजे दोन असणार.”

“पाहुण्यांना उद्या पुढच्या रांगेत जागा हवी. तुमच्या उजव्या हाताला.”

“तिथं जावई बसतात.”

“जावई मागं बसतील. जावयांकडे कॅमेरे थोडेच आहेत?”

वांबो हसला. त्याचे वरचे दोनच दात राहिले होते, आणि दोन्ही हसण्यात भाग घ्यायचे. “आणि तू कुठं असणार?”

“त्यांच्याजवळ. त्यांना समजावून सांगायला.”

“भावांच्या रांगेत नाही?”

“तिथं माझं काय काम? फिर्मांदादा आहे की.”

“आहे खरा.” वांबोनं चिलमीतली राख ठोकून काढली. “पण मधूनच उठून जाशील. शहरातली पोरं बंदुकीचा पहिला बार झाला की गाडी शोधतात.”

“नाही जाणार. शेवटपर्यंत थांबेन.”

“बापाच्या नावानं सांग.”

“बापाच्या नावानं. आणि आजोबा, पकडायच्या वेळी फोटो काढले तर चालतील ना? तेवढं एक.”

“काढू देत. उद्या कुणी नाही म्हणायला नको.”

अनिसे शीळ घालत परतला. एका बाटलीत त्यानं पुढची रांग, जावयांची उचलबांगडी आणि फोटोंची परवानगी, अशा तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या होत्या. आपण आजवर केलेल्यांत हा सगळ्यात स्वस्त सौदा, असं त्याला वाटलं, आणि वांबोलाही तसंच वाटलं. सौद्यात दोघेही खूश दिसले की तिसऱ्यानं एकदा कागद तपासून पाहावा. पण तिथं तिसरा नव्हता.

त्या संध्याकाळी तो आईकडे जेवला. मा न्झालीनं अळकुड्या कुटून त्यांचा गोळा पानात ठेवला होता आणि मधल्या खळग्यात पिवळी आमटी. ती समोर बसून त्याचं बोट गोळ्याभोवती फिरताना पाहत राहिली.

“किती दिवस आहेस?”

“उद्या कार्य, परवा सकाळी फुंबान. पाहुण्यांना तिथला राजवाडा दाखवायचाय.”

“बरं.”

गेली आठ वर्षं तो घरी आला की आई जेवणाआधी लग्नाचा विषय काढायची, जेवताना मुलीचं नाव सांगायची आणि हात धुताना रडायची. त्या दिवशी ती फक्त ‘बरं’ म्हणाली. लक्ष असलेला मुलगा तिथंच उठून गाडीत जाऊन बसला असता. तिला आधी माहीत होतं का, यावर बामेतोत आजही दोन तट आहेत. माहीत असायचं कारण नव्हतं. पण शेवटच्या आठवड्यात नवऱ्यानं पाणी मागितलं ते मोठीकडे नाही, हिच्याकडे, हे तिच्या लक्षात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदान फुललं. निळी-पांढरी कापडं, मण्यांनी मढवलेले हत्तीच्या कानांचे मुखवटे, बंदुकांचा धूर, माडीचे डेरे. दंतवैद्याची बायको प्रत्येक बाराला नवऱ्याचा दंड धरत होती. जावई मागच्या रांगेत फुगून बसले होते. अनिसे कंपनीचा हिरवा शर्ट घालून पाहुण्यांच्या शेजारी उभा होता आणि त्याची जीभ अशी चालली होती की अकरा वर्षांत तशी चालली नसेल.

ऊन कललं तसे ढोल थांबले. तेगियाचे मुलगे आणि पुतणे, एकूण चौदा जण, रांगेत उभे राहिले. वांबो आणि दुसरा मानकरी त्यांच्याभोवती फिरू लागले.

“ते पाहा, डावीकडे,” अनिसे कुजबुजला. “इस्त्रीच्या शर्टातले ते माझे थोरले बंधू. त्यांनाच पकडणार. त्यांना माहीत आहे, पण दचकल्यासारखं करतील. कॅमेरा तिकडेच असू द्या.”

फिर्मांनं घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं. मानकऱ्यांची एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत वांबो फिर्मांसमोर थांबला. त्यानं हात उचलला, फिर्मांची दुमडलेली कॉलर सरळ केली, आणि पुढे गेला.

सगळ्या मैदानातून ‘हं?’ असा एकच आवाज आला.

“आता काय?” ओदीलनं विचारलं.

“जरा ताणून धरतात, मादाम. तशी रीतच आहे.” अशी रीत अनिसेनं जन्मात पाहिली नव्हती. पण माहीत नाही म्हणेल तो वाटाड्या कसला?

वांबो रांग सोडून बाहेर आला.

“ते आपल्याकडे येताहेत!”

“पाहुण्यांचा मान करायला. अगदी थोडं वाका, मादाम. सगळ्यांनीच. छान. अस्सं.”

चार गोऱ्या माना एकदम वाकल्या. त्या चार वाकलेल्या मानांवरून वांबोचा हात आला आणि अनिसेच्या मनगटावर बसला.

“आणि यानंतर,” अनिसे त्याच गोड आवाजात पाहुण्यांना म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही.

बंदुका उडाल्या. बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या. दुसऱ्या मानकऱ्यानं त्याचा दुसरा हात धरला.

“चूक होतेय, आजोबा! दादा तिकडे आहे!”

लोक हसले. पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. तो जितका जोरात म्हणेल तितकी पकड बरोबर, असं समजतात.

“मी रांगेत नव्हतो! मी इथं कामाला आलोय!”

“जागा तूच मागून घेतलीस,” वांबो म्हणाला. “उजव्या हाताला. मला म्हाताऱ्याला चालायला तेवढंच कमी.”

अनिसेनं हिसका मारला, एक हात सुटला, तो दोन पावलं पळाला आणि लांबोडक्या तरुणाच्या तीन कॅमेऱ्यांवर आपटला. मागच्या रांगेतल्या जावयांनी उठून त्याला अगदी मन लावून धरलं. कंपनीचा शर्ट खांद्यापासून फाटला. त्याच्या उघड्या छातीवर, तोंडावर, डोक्यावर लाल भुकटी चोळली, कमरेला बापाचं निळं-पांढरं कापड गुंडाळलं, आणि वांबोनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बापाचं नाव उच्चारलं. त्या नावाला ओ देणारा माणूस आता तो होता.

मग वांबोनं बापाची ताडाच्या धाग्यांची पिशवी मा न्झालीच्या हातात दिली. वारस नऊ दिवस घरात राहतो. तेवढे दिवस त्याची आई त्याला जामीन असते. तो राहिला तर दहाव्या दिवशी पिशवी त्याच्या खांद्यावर येते. तो पळाला तर आईनं पिशवी उंबऱ्यावर ठेवायची, आपलं गाठोडं उचलायचं आणि या घरातून कायमचं जायचं. पळालेल्याची जागाही कुणाला घेता येत नाही. शेजारच्या आळीतला एक वारस परदेशी, लिब्रव्हीलला पळून वीस वर्षं झाली. त्याच्या घराला कुलूप आहे आणि त्या घरच्या मुलींची लग्नं बोलायला बापच नाही.

बापाच्या खोलीला मात्र कुलूप नव्हतं. कडीसुद्धा नव्हती. अनिसे स्टुलावर बसला होता आणि उघड्या दारातून त्याला अंगण, अंगणापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर हमादूची पांढरी गाडी, सगळं दिसत होतं.

“का?” त्यानं वांबोला विचारलं. “मी का? मी वर्षातून दोनदा येतो. मला कोंबडी कापता येत नाही.”

“तुझा बाप म्हणाला ते सांगतो. म्हणाला, अनिसे परक्यांना जेवू घालतो, त्यांची बिछान्याची सोय बघतो. पाणी गार आहे, डास आहेत, रस्ता खराब आहे, अशी दिवसभर तक्रार ऐकतो आणि वर हसतो. असं अकरा वर्षं ज्याला जमलं, त्याला घरचे काय जड?”

“त्याचे मला पैसे मिळतात, आजोबा.”

“तेही मी म्हणालो त्याला. तो म्हणाला, सवय लागली की तेवढं विसरेल.”

“नऊ दिवसांनी तर मी मोकळा?”

“पूर्ण मोकळा. जा की, कुठंही जा. फक्त गावच्या बाजाराच्या दिवशी बापाला पुरलं त्या जागेवर पाणी घालायला इथं हजर पाहिजेस.”

बामेतोचा बाजार दर आठव्या दिवशी भरतो. म्हणजे दावं तसं लांब होतं: चार दिवस जायचं, चार दिवस यायचं. दुआला त्यात बसत होतं, बाफूसाम तर रोजही जमलं असतं. ब्रसेल्स मात्र त्या दाव्याच्या बाहेर चरत होतं.

मग फिर्मां आला. अनिसेला वाटलं, हा आता भांडणार, ओरडणार, गावच्या राजाकडे दाद मागायला जाऊ म्हणणार. त्याला तेवढी एकच आशा होती. फिर्मां आत आला, भाऊ बसला होता त्या स्टुलासमोर आपलं पोट सांभाळत उकिडवा बसला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “ता.”

ता म्हणजे बाप. घरधन्याला याच नावानं हाक मारायची.

“दादा, तू तरी नको. आपण राजाकडे जाऊ. सांगू की हा अन्याय आहे. घरावर पत्रा तू घातलास!”

फिर्मांनं मागं वळून दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. “पत्र्याचं म्हणतोस, तर ऐक. बाबांनी सहा वर्षांपूर्वी मला बोलावून सांगितलं, तुझं नाव देणार. मी पाय धरले. म्हटलं दुकान आहे, चार पोरं आहेत, बायको गावात राहायला तयार नाही. ते म्हणाले, मग घरावर पत्रा घाल आणि सुट.”

“म्हणजे पत्रा…”

“अख्खं घर झाकून दिलं. पन्हाळीसकट.”

“आणि सहा वर्षं गावभर वारसासारखा मिरवलास!”

“बाबाच म्हणाले, मिरव. नाहीतर दुसरा सावध होईल.” फिर्मांनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. तो रडत नव्हता, त्याला घाम सुटला होता. सुटलेल्या माणसाचा घाम वेगळाच असतो. “तुला वाईट वाटलं, ता?”

“मला ता म्हणू नकोस!”

“म्हणावंच लागतं. आणि एक. माझ्या थोरल्याची पुढच्या वर्षाची फी. घरधनी म्हणून आता ते तुझ्याकडे येतं. घाई नाही.”

दिवस मावळायच्या आत ओदील आली. डोळे भरून आलेले, नाक लाल. तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले.

“अनिसे, तुम्ही आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीत!”

“मलाही माहीत नव्हतं, मादाम. त्यांनी मला पकडलंय.”

“हो! किती सुंदर! आणि ते तुमचं ओरडणं, पळणं… आम्ही सगळे रडलो. डॉक्टर म्हणतात, चाळीस वर्षांत असं काही पाहिलं नाही.”

“मादाम, मला इथून बाहेर पडायचंय. तुम्ही मानकऱ्यांशी बोला. करार आहे म्हणून सांगा.”

तिनं त्याच्या लाल अंगाकडे, स्टुलाकडे, भिंतीवरच्या बिबट्याच्या कातड्याकडे पाहिलं. धंद्यातली बाई होती, नजर पक्की होती. “अनिसे, इथल्या रीतीत मी ढवळाढवळ करणं बरं दिसेल का? इतकी वर्षं आपण पाहुण्यांना हेच तर सांगतो. आणि खरं सांगू? बॅगा मोजायला माणूस कुठंही मिळतो. असा माणूस मला कुठं मिळणार? दर महिन्याला चार पाहुणे इथंच पाठवीन. तुम्ही फक्त असेच बसा.”

हे वाक्य त्यानं स्वतः पाच वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या कुंभाराला म्हटलं होतं. कुंभार बसला होता. अजूनही बसतो.

सकाळी, पाहुणे विश्रामगृहात कॉफी पीत असताना, हमादू मागच्या भिंतीशी आला. बांबूच्या फटीतून त्याचा एक डोळा दिसत होता.

“शेठ. गाडी चालू आहे. बॅगांखाली जागा केली आहे.”

“चेष्टा करतोस?”

“बापाच्या बैलाची शपथ. समोरून नीघ. दाराशी पहाराही नाही. माझं म्हणशील, तर तू निघालास तर मी ड्रायव्हर राहतो. तू राहिलास तर बाई काल मला म्हणाली, हमादू, तुला फ्रेंच बरं येतं, फुंबानला तूच का नाही समजावून सांगत? म्हणजे बघ, मला तोटा आहे. तरी सांगतोय. लवकर उठ.”

अनिसे उठला. तीन ढांगांत तो दाराशी आला. अंगण झाडून स्वच्छ केलं होतं. रस्ता तीस पावलांवर. गाडीचा धूर दिसत होता. आणि अंगणाच्या मधोमध, बसक्या लाकडी पाटावर, मांडीवर बापाची पिशवी घेऊन आई बसली होती. तिच्या शेजारी गाठोडं होतं. दोन लुगडी, एक पातेलं, एक कुदळीचं पातं, वर चपलांचा जोड. चांगलं घट्ट बांधलेलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “जायचं असेल तर आत्ता जा. ऊन चढल्यावर मला चालवणार नाही. माझ्या माहेरचा रस्ता चढाचा आहे.”

“आई, ते गाठोडं सोड.”

“कशाला? परत बांधावं लागेल.”

“तू मला अडवतेयस.”

“मी? मी तर जा म्हणते.” तिनं पिशवीवरची धूळ झटकली. “दार उघडं आहे. तुझा मित्र तिकडे भिंतीला चिकटून उभा आहे, त्याला मुंग्या चावतायत. जा बाळा. माहेरी भाऊ नाही राहिला, पण भावजय आहे. ओसरीवर निजू देईल.”

बाजारात जन्म काढलेल्या बाईनं किंमत सांगितली होती. ती घासाघीस करत नव्हती, माल पुढे ढकलून देत होती: घे, हवं तर घे. अनिसेनं आयुष्यात पुष्कळ सौदे केले होते. पण असा भाव ऐकून खिशात हात घालणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता, आणि तो आपण व्हावं असंही त्याला वाटेना. तो उंबऱ्यावर उभा राहिला. एक पाय बाहेर टाकला. जमीन कोमट होती. बापाचं कापड कमरेवरून घसरत होतं ते त्यानं एका हातानं धरलं होतं, आणि कापड सोडल्याशिवाय पळता येणार नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. माणूस अशा वेळी असल्याच गोष्टींचा विचार करतो.

“शेठ!” भिंतीआडून हमादू. “अरे शेठ!”

अनिसेनं पाय आत घेतला.

थोड्या वेळानं गाडी गेली. लांबोडक्या तरुणानं खिडकीतून शेवटचा एक फोटो काढला. त्यात दारात बसलेला लाल माणूस आणि अंगणातली म्हातारी दोघंही आहेत. फोटो चांगला आलाय म्हणतात.

दुपारी न्झालीनं गाठोडं सोडलं. लुगडी आत नेली, पातेलं चुलीवर चढवलं, अळकुड्या कुटल्या. मुसळाचा आवाज त्याला आतून ऐकू येत होता. आता ती येईल, आपण तिला दोन शब्द ऐकवू, ती चार ऐकवील, मग ती रडेल, मग लग्नाचं काढील, असं तो मनाशी जुळवत बसला. शिव्यासुद्धा त्यानं ठरवून ठेवल्या होत्या.

ती आली. दारात थांबली. पान खाली ठेवलं, वाकली, आणि उकिडवी बसून हलक्या हातानं तीनदा टाळ्या वाजवल्या. पन्नास वर्षं नवऱ्यापुढे वाजवल्या तशा. नजर जमिनीवर.

“जेवून घ्या, ता.”

“आई.”

तिनं पान त्याच्या जवळ सरकवलं.

“आई, इकडे बघ ना. हे काय? इथं कोणी नाहीये. आपण दोघंच आहोत. मला नावानं हाक मार.”

तिचे ओठ हलले. बारा जणांच्या घरात त्याला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं आणि जे नाव तिनंच ठेवलं होतं ते तिला तोंडातून काढता येत नव्हतं. खोलीत फक्त तो आणि ती होती हे खरं. पण स्टूलही होतं.

“आमटी गार होतेय, ता,” ती म्हणाली. घरधनी एकटा जेवतो. ती पाठ न दाखवता, मागं मागं सरकत, म्हातारपणी एक हात भिंतीला टेकत बाहेर गेली. बाहेर गेल्यावर तिनं मोठ्या सवतीला काहीतरी तोऱ्यात सांगितलेलं त्याला ऐकू आलं.

तर बेरीज अशी लागली. ओदीलला तिचं खरं काहीतरी मिळालं. हमादूला जानेवारीत ब्रसेल्सचं तिकीट मिळालं, आणि तिथल्या थंडीबद्दल त्याचे फोन येतात. फिर्मां सुटला, तो कधीचाच सुटलेला होता. वांबोनं शब्द पाळला, आणि मेलेल्या माणसाचं घर चालू राहिलं. या सगळ्याची किंमत दोघांनी भरली. अनिसेनं ब्रसेल्स दिलं. ते त्याच्याकडे कधी नव्हतंच, तेव्हा ते खर्चात धरायचं की नाही, यावर बोलता येईल. मा न्झालीनं मुलगा दिला. तो मात्र तिच्याकडे होता.